सुट्या भागांचं इंजिन

इतिहासाच्या शिक्षकांचा एक लाडका शब्द असतो : 'सुमारे'. सुमारे अमुक साली तमुक वंशाची सत्ता आली, सुमारे इतकं सैन्य होतं, सुमारे इतके कोस चाल झाली. मीही वर्गात फळ्यासमोर उभी राहून तो शब्द किती वेळा उच्चारला असेन, त्याची गणती नाही. मुलांनाही तो आवडायचा, कारण 'सुमारे' लिहिलं की सनावळीतल्या दोन-चार वर्षांच्या चुकीला गुण कापले जात नाहीत, असा त्यांचा (बराचसा खरा) समज होता.

गेल्या पावसाळ्यापासून मी एक काम हाती घेतलंय आणि त्यात हा शब्द मुळीच चालत नाही. मी डिझेल इंजिनाची प्रतिकृती जोडते आहे. सुट्या भागांच्या संचातून, एकेक तुकडा घासून, चिकटवून, रंगवून. हो, सत्तरी उलटलेली बाई आणि आगगाडीचं इंजिन! हसू नका मंडळी. ज्या हातांनी आयुष्यभर क्रोशाचे रुमाल विणले, त्यांना अर्ध्या मिलिमीटरची तार वाकवून कठडा करणं काही फार परकं नाही. चिमटा, बारीक कानस, सुई, भिंग आणि दुपारचं ऊन, एवढ्यावर भागतं.

संचाची हकिकत थोडक्यात सांगते. वरचं धड मुंबईच्या एका हौशी तरुणाने त्रिमितीय छपाईने केलेलं. खालच्या दोन बोगी भाच्याने अमेरिकेतून पाठवल्या. जाळ्यांसाठी पितळी पत्र्याचे कातरलेले तुकडे, कठड्यासाठी तार, आणि पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरं नि आकडे. बरोबर एक पानभर सूचना. प्रमाण एकास सत्त्याऐंशी. म्हणजे १७.१२ मीटर लांबीचं खरं इंजिन इथे १९७ मिलिमीटरचं होतं, फूटपट्टीच्या दोन-तृतीयांश. आणि १०९२ मिलिमीटर व्यासाचं चाक साडेबारा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाहून जरासं मोठं.

इंजिन कोणतं? डब्ल्यूडीएम-२. नाव रुक्ष आहे, पण ओळख पटवायला सोपं. डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिश्र कामाचं, प्रवासी गाडीला जोडा नाहीतर मालगाडीला. २६०० अश्वशक्ती, १६ सिलिंडर, वजन सुमारे ११३ टन (बघा, आलाच 'सुमारे'!). तुमच्या-माझ्या वयाच्या ज्यांनी १९७० ते २००० या काळात तारा नसलेल्या मार्गावरून प्रवास केला असेल, त्यांच्या गाडीपुढे बहुतेक वेळा हेच इंजिन असणार. मनमाडहून दौंडकडे जाताना खिडकीतून डोकं बाहेर काढल्यावर वळणावर जे दिसायचं ते हेच, आणि डोळ्यांत जायचा तो काळा धूरही ह्याचाच.

आता सांगायचा मुद्दा. खोक्यातून सुटे भाग टेबलावर मांडले तेव्हा मला वाटलं होतं की आपण खऱ्या वस्तूची नक्कल करतोय. वाचायला लागले तर कळलं की खरं इंजिनही आपल्या देशात असंच आलं होतं, सुट्या भागांच्या संचातून!

झालं असं. स्वातंत्र्यानंतर मालवाहतूक वाढत गेली आणि वाफेच्या इंजिनांना ती पेलेना. १९५७ पासून अमेरिकेतल्या अल्को कंपनीची १०० डिझेल इंजिनं (डब्ल्यूडीएम-१) तयार स्थितीत बोटीने आली. पण प्रत्येक इंजिन परदेशातून आणणं परवडणारं नव्हतं. म्हणून बनारसला डिझेल इंजिनांचा कारखाना काढायचं ठरलं. १९५६ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९६१ मध्ये कारखाना उभा राहिला. १९६२ पासून डब्ल्यूडीएम-२ ची पहिली इंजिनं अल्कोकडून तयारच आली. त्यानंतरच्या बारा इंजिनांचे मात्र भाग तिकडून आले आणि जोडणी बनारसच्या कामगारांनी केली. त्यातलं पहिलं इंजिन ३ जानेवारी १९६४ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते देशाला अर्पण झालं. शास्त्रीजी त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधान झाले.

त्या बारा इंजिनांनंतर कारखान्याने हळूहळू एकेक भाग स्वतः घडवायला घेतला. मला इथे शाळेतली सुंदर हस्ताक्षराची वही आठवते. पहिली ओळ छापील असते, दुसरी ठिपक्यांवरून गिरवायची, आणि तिसरीपासून आपली आपण. बनारसने नेमकं तेच केलं.

आणि पुढे काय झालं? न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीचा तो अल्को कारखाना १९६९ मध्ये बंद पडला. गुरुजींची शाळाच मिटली! पण विद्यार्थी गिरवतच राहिला. बनारसला ही इंजिनं थेट नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत होती. एकूण अडीच हजारांहून जास्त झाली. मूळ कंपनी गेल्यावर जवळजवळ तीस वर्षं! नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी असं मला वाटतं. आपल्याकडे 'परदेशी तंत्रज्ञान उचललं' असं म्हणताना एक हिणकस सूर असतो. गिरवणं ही शिकण्याची पहिली पायरी आहे, हे कुठल्याही प्राथमिक शिक्षिकेला विचारा.

असो. आता टेबलाकडे वळते, कारण इंजिनाच्या अंगावर तीन देशांचा इतिहास कसा बसलाय, ते जोडताना समजतं.

आधी बोगी. एका बोगीत तीन आस. संच उघडला तेव्हा माझ्या लक्षात आलं की तीन चाकांमधली अंतरं सारखी नाहीत. मधलं चाक एका बाजूला सरकलेलं. सूचनेचा कागद पाहिला, भिंगातून फोटो पाहिले, तर खऱ्या इंजिनाचंही तसंच! अल्कोची ही रचनाच अशी असमान अंतराची आहे. अमेरिकन इंजिनाच्या प्रतिकृतीची बोगी आपल्या इंजिनाखाली चपखल बसली ती त्यामुळेच. माहेर एकच.

प्रत्येक आसावर एक विजेची मोटार असते, अशा सहा मोटारी. पुष्कळांना वाटतं की डिझेलचं यंत्र थेट चाकं फिरवतं. तसं नसतं. यंत्र जनित्र फिरवतं, जनित्र वीज करतं आणि ती वीज मोटारींना जाते. म्हणजे डिझेल इंजिन हे आपलं वीजघर पाठीवर घेऊन पळणारं विजेचं इंजिनच. आमच्या नाशिक रोडकरांना हे समजायला सोपं, कारण एकलहऱ्याच्या रेल्वे कारखान्यात अशाच ट्रॅक्शन मोटारी दुरुस्तीला येतात. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील तिथे नाहीतर प्रेसमध्ये कामाला असत.

मग आली रुळांची रुंदी. अमेरिकेतले रूळ १४३५ मिलिमीटरचे, आपले १६७६ चे. भारतात रेल्वे आणताना डलहौसीचा आग्रह ६ फुटांचा होता, शेवटी ५ फूट ६ इंच ठरलं. ह्या एका निर्णयाचा भुर्दंड दीडशे वर्षांनंतर माझ्या टेबलावर आला! एकास सत्त्याऐंशीच्या प्रमाणात बाजारात मिळणारा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा, तर आपला हवा सव्वाएकोणीस. पावणेतीन मिलिमीटरचा फरक ऐकायला काहीच नाही, पण अरुंद चाकांवर आपलं रुंद इंजिन ठेवलं की ते लुगडं आखूड झालेल्या बाईसारखं दिसतं. शेवटी अंबडला लेथ चालवणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने मला सहा आस लांब करून दिले. पैसे घेतले नाहीत. "बाई, तुम्ही मला पानिपतात काठावर पास केलं होतं," म्हणाला. इंजिन आता धावणार नाही, नुसतं उभं राहील. माझंही तसंच आहे, त्यामुळे आमचं जमतं.

तिसरी गोष्ट बफर. अमेरिकन इंजिनाच्या तोंडाला मधोमध फक्त एक आकडा असतो. आपल्याकडे इंग्रजांनी सुरुवातीपासून दोन बाजूंना दोन गोल बफर ठेवलेले. बनारसच्या इंजिनाला मध्ये अमेरिकी कपलर आणि दोन्ही अंगांना विलायती बफर, असे दोन्ही आले. धड अमेरिकेचं, तोंड विलायतेचं, हात आपले. मराठी भाषेसारखंच झालं की! टेबल, बटाटा नि चहा, तिन्ही पाहुणे आपल्या घरात मुरले.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग आली ब्रेकची नळी.

इंजिनाच्या तोंडावर बफरांच्या मध्ये रबरी नळ्या लोंबतात. जुन्या काळात एक जाड नळी असे, ती व्हॅक्यूमची. इंजिन गाडीभरच्या पाइपातली हवा शोषून घ्यायचं, आणि पाइपात हवा शिरली की ब्रेक लागायचे. पुढे दाबाच्या हवेचे ब्रेक आले, तेव्हा बारीक नळ्या आल्या. पोकळी वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त जोर देऊ शकत नाही, त्यामुळे लांब आणि जड गाड्यांना ती पुरेना. हा बदल एका दिवसात झालेला नाही. अनेक वर्षं दोन्ही पद्धती एकाच इंजिनावर नांदल्या. म्हणजे नळी एक लावायची की जास्त, हे ठरवायला मला आधी माझ्या इंजिनाचं साल ठरवणं भाग होतं. दशक सांगून भागणार नव्हतं.

तेव्हा मी साल ठरवलं १९७१, ठिकाण नाशिक रोड स्टेशन, आणि गाडी पंजाब मेल.

का, ते सांगते. पंजाब मेल १ जून १९१२ पासून धावते आहे. १९६८ मध्ये ती झाशीपर्यंत डिझेलवर गेली आणि तिचे डबे १२ वरून १५ झाले. आमच्या मार्गाची तेव्हाची गंमत अशी की मुंबईहून इगतपुरीपर्यंत १९३० च्या सुमारास आलेल्या १५०० व्होल्ट डीसी विजेच्या तारा होत्या, आणि इगतपुरीपुढे साठीच्या दशकाच्या अखेरीस २५,००० व्होल्ट एसीच्या आल्या. एकाचं इंजिन दुसऱ्याच्या तारेखाली निकामी. म्हणून इगतपुरीला इंजिन बदलायचं, चहा प्यायचा, वडा खायचा! ही सीमा पुढे २००६ मध्ये घाटाखाली सरकली. डिझेलला मात्र तारेचं सोयरसुतक नव्हतं. वर डीसी असो, एसी असो की नुसतं आभाळ, ते आपल्या पाच हजार लिटरच्या टाकीवर चालायचं.

आणि १९७१ ठरवण्याचं खरं कारण म्हणजे अण्णा.

अण्णा माझे थोरले बंधू, माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. विसाव्या वर्षी भुसावळला फायरमन म्हणून लागले. वाफेच्या इंजिनावर तिघं असत : ड्रायव्हर आणि दोन फायरमन. अंगाच्या एका बाजूला भट्टीची धग, दुसऱ्या बाजूला थंडीचा वारा, हातात फावडं. साठीच्या दशकाच्या शेवटी त्यांना डिझेलच्या प्रशिक्षणाला पाठवलं आणि १९७१ च्या उन्हाळ्यात काही महिने ते पंजाब मेलवर डिझेल असिस्टंट होते.

काचबिंदूमुळे त्यांना आता एका डोळ्याने अंधुक दिसतं. दिवाळीत आले तेव्हा मी अर्धवट जोडलेलं इंजिन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते नीट पाहिलंच नाही, बोटांनी वाचलं. लांब नाकावरून बोट फिरवत केबिनपर्यंत आले, दाराशी थांबले, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. मग म्हणाले, "आत सीट केलीस का?"

केली होती. दोन.

"मग झालं इंजिन पुरं," म्हणाले. "माझ्या नोकरीत मी पहिल्यांदा बसलो तो ह्याच्यावर."

मग बराच वेळ बोलले. थ्रॉटलला आठ खाचा असतात. पहिलीत यंत्र संथ घुमतं, आठवीत मिनिटाला हजार फेरे. खाच भराभर वाढवली की डिझेल आधी पोचतं आणि टर्बोची हवा मागून येते, म्हणून काळ्या धुराचा लोट उठतो. चांगला ड्रायव्हर धुरावरून ओळखायचा. आणि मग सहज सांगावं तसं म्हणाले, "डिझेलवर गेल्यावर आईने पहिल्यांदा माझा शर्ट सगळ्यांच्या कपड्यांबरोबर भिजवला."

हे मला माहीत होतं आणि नव्हतंही. अण्णांचे कपडे आई वेगळ्या बादलीत घालायची, हे लहानपणापासून पाहिलेलं. कोळशाची भुकटी इतर कपड्यांना लागू नये म्हणून. ती बादली कधी बंद झाली हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. वर्गात मी वाफेचं युग संपल्याचं शिकवलं, चित्तरंजनला १९७२ मध्ये शेवटचं वाफेचं इंजिन बनलं हे सांगितलं. आमच्या घरात ते युग एका बादलीबरोबर संपलं होतं.

अण्णांनी दुसरी बाजूही सांगितली. "तिघांचं काम दोघांवर आलं ताई. माझ्या बरोबरचा दुसरा फायरमन खलाशी म्हणून डब्यांच्या कामाला गेला. वाईट झालं असं नाही, पगार होता. पण गाडीवर असणं वेगळं. तो पुढे कधी फलाटावर भेटला तरी इंजिनाजवळ यायचा नाही." केबिनमध्ये दोनच सीट का, हे माझ्या सूचनेच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते असं कळलं.

व्हॅक्यूमची नळी एक, हेही त्यांच्याच तोंडून पक्कं झालं. रंग मी गडद तांबडा दिला आणि मधे पिवळट पट्टा. अंगावर शेडचं नाव इटारसी, मध्य रेल्वेचं तेव्हाचं डिझेलचं मोठं घर. २००३ मध्ये पश्चिम मध्य रेल्वे निघाली आणि इटारसी तिकडे गेलं. म्हणजे 'मध्य रेल्वे, इटारसी' एवढी दोन नावं एकत्र लिहिली तरी काळ आपोआप ठरतो. नंबर अण्णांनी सांगितला, अठरा हजारांच्या घरातला. आईवडिलांच्या तिथी विसरतात, इंजिनाचा नंबर नाही विसरले!

ह्या सगळ्या उपद्व्यापातून मला जे जाणवलं ते सांगते. वाफेच्या इंजिनांचं आपण कौतुक केलं. त्यांना चौथऱ्यावर बसवलं, रंग दिला, मुलांना त्यांच्यापुढे उभं करून फोटो काढले. पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं, तिथे सहल नेली की मुलं आधी वाफेचं इंजिन शोधायची. डिझेलच्या वाट्याला असं प्रेम फारसं आलं नाही. ते ना पुरेसं जुनं, ना नवं. धूर काळा, आवाज कर्कश, रूप पेटीसारखं. आपण त्याच्यामागे बसून लग्नांना गेलो, नोकऱ्यांवर रुजू झालो, माणसांना पोचवायला गेलो, आणि त्याच्याकडे पाहिलं नाही.

आता तर ते निघालंच आहे. ब्रॉडगेजच्या जवळजवळ सगळ्या मार्गांवर तारा आल्या. बनारसच्या कारखान्याने २०१८ मध्ये दोन जुन्या डिझेल इंजिनांचं रूपांतर चक्क १०,००० अश्वशक्तीच्या विजेच्या जोडइंजिनात केलं. पुढे तिथे विजेची इंजिनंच मुख्यतः बनू लागली, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये कारखान्याच्या नावातला 'डिझेल' हा शब्दही गेला. आता तो बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स. ह्यात दुःख करण्यासारखं काही आहे असं मी म्हणणार नाही. वीज स्वच्छ आहे, स्वस्त पडते, आणि धुराने खोकणाऱ्या मुलांच्या शाळेत मी शिकवलंय. पण एक अख्खं युग माझ्या डोळ्यांदेखत आलं, गेलं, आणि त्याची साधी नोंद आमच्या घरात कुणी केली नव्हती, हे खटकतं. शिवकालीन किल्ल्याच्या दरवाजांची मापं मला पाठ. भावाने आयुष्यभर चालवलेल्या इंजिनाला किती चाकं, हे मला सत्तरीत मोजावं लागलं.

तर नातेवाईक मंडळींना आणि वाचणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. तुमच्या घरात कुणी रेल्वेत, एस.टी.त, प्रेसमध्ये, गिरणीत असेल, तर त्यांच्या कामाचा एखादा फोटो असतोच. यंत्रापाशी उभे, टोपी घातलेले, कडक चेहऱ्याचे. तो काढा आणि मागे पेन्सिलीने तारीख, ठिकाण नि यंत्राचं नाव लिहून ठेवा. विचारण्यासारखं माणूस आहे तोवर विचारून घ्या. 'सुमारे' लिहू नका.

माझ्या इंजिनाचे कठडे अजून व्हायचेत आणि एका बाजूची जाळी. अण्णा संक्रांतीला येणार आहेत. तोवर नंबराचे आकडे पाण्यात भिजवत नाही. ते त्यांनी सांगावेत आणि मी एकेक लावावेत, असं ठरलंय.